विस्तवाशिवाय चहा: कोल्ड ब्रू आइस्ड टी घरी करताना नेमकं काय होतं

चहा करून गार करणं वेगळं आणि चहा गार पाण्यातच करणं वेगळं. 'घरचा आइस्ड टी काही नीट होत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा पहिल्या प्रकाराची असते. नेहमीसारखा कोरा चहा उकळायचा, गाळायचा, साखर-लिंबू घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. दोन-तीन तासांनी बाटली काढावी तर रंग मातकट, घोट घेतला की जीभ खरखरीत. मग वरून आणखी साखर. बाजारात मिळणाऱ्या आइस्ड टीच्या पुड्यांनी ही अडचण साखरेनेच सोडवलेली असते. पुडीच्या मागची घटकांची यादी वाचा, बहुतेकदा पहिलं नाव साखरेचंच निघतं.

दुसऱ्या प्रकारात चहा गरम पाण्यात करायचाच नाही. पिण्याचं गार पाणी, त्यात चहाची पानं, वर झाकण, फ्रिज आणि चार ते दहा तास. कृती एवढीच, आणि हाच कोल्ड ब्रू. पण ती अशी का आहे हे कळलं, की कुठला चहा घ्यायचा, किती वेळ ठेवायचा, काय बदललेलं चालेल आणि काय मुळीच चालणार नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. शेवटचं तर नक्कीच कळायला हवं. उकळत्या पाण्याकडून आपण नकळत दोन कामं करून घेत असतो: पानातला अर्क बाहेर काढणं आणि पाण्यातले, पानांवरचे जंतू मारणं. गार पाण्यात पहिलं काम वेळ करतो. दुसरं कुणीच करत नाही.

गढूळपणा येतो कुठून

आधी त्या मातकट बाटलीचं पाहू. हिरव्या पानात कॅटेचिन नावाची द्रव्यं भरपूर असतात. काळा चहा बनवताना पान चुरगळलं जातं, त्यातले विकर मोकळे होतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कॅटेचिनपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही मोठ्या रेणूंची द्रव्यं तयार होतात. काळ्या चहाचा तांबूस-सोनेरी रंग आणि त्याचा कडकपणा बराचसा त्यांचाच. पाणी कडकडीत असतं तोवर ही द्रव्यं आणि कॅफिन एकमेकांना चिकटत नाहीत. चहा गार होऊ लागला की ती जोडीने चिकटतात, बारीक कण बनतात, कणांवर प्रकाश विखुरतो आणि चहा दुधट-गढूळ दिसू लागतो. चहाच्या व्यापारात याला क्रीम म्हणतात. चांगल्या आसाम चहाचा कप गार होताना असा गढुळला तर चहाची चव पारखणारे लोक खूश होतात, कारण चहात दम असल्याची ती खूण असते. आइस्ड टीत मात्र तीच खूण नको असते.

खात्री करायची असेल तर गढूळ झालेला अर्धा ग्लास चहा छोट्या पातेल्यात ओतून मंद आचेवर धरा. वाफ दिसायला लागते न लागते तोच तो खालून निवळू लागतो आणि थोड्या वेळात पातेल्याचा तळ स्वच्छ दिसतो. पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला की पुन्हा गढूळ. म्हणजे चहा खराब झालेला नसतो, त्यातली द्रव्यं तापमानाप्रमाणे जुळतात आणि सुटतात.

पाणी जड असेल तर गढूळपणा वाढतो. ज्या घरात बोअरचं पाणी वापरतात आणि पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, तिथे पाण्यातलं कॅल्शियम या कणांना आणखी घट्ट करतं. गरम चहावर जी तेलकट दिसणारी साय धरते, तिच्यातही याच कॅल्शियमचा हात असतो. म्हणून कोल्ड ब्रूसाठी मऊ पाणी बरं. मुंबईला तलावांचं पाणी येतं, पुण्याच्या बऱ्याच भागाला खडकवासल्याचं. तिथल्या लोकांना या बाबतीत काही करावं लागत नाही. बोअरवाल्यांनी आरओ फिल्टरचं पाणी घ्यावं.

गार पाणी काय उचलतं, काय मागे ठेवतं

सुक्या चहाच्या वजनापैकी साधारण एक तृतीयांश भाग पाण्यात उतरू शकतो. बाकीचा चोथा. त्या एक तृतीयांशात साखरेसारखी द्रव्यं, अमिनो आम्लं, कॅफिन, कॅटेचिन आणि त्यांचे मोठे भाऊबंद, क्षार आणि सुगंधाचे अंश असं सगळं असतं. उकळत्या पाण्यात हे सगळं चार-पाच मिनिटांत धडाधड बाहेर येतं, कारण सगळे रेणू वेगाने हलत असतात आणि पाणीही पातळ असतं. फ्रिजमधलं ४ अंश सेल्सियसचं पाणी उकळत्या पाण्यापेक्षा साडेपाच पट दाट, म्हणजे वाहायला चिकट, असतं. डोळ्याला हा फरक दिसत नाही, पण पानाच्या पेशीतून बाहेर पडणाऱ्या रेणूला तो चांगलाच जाणवतो. म्हणून मिनिटांचं काम तासांवर जातं.

पण फरक नुसत्या वेगाचा असता तर दहा तासांनी मिळालेला चहा गरम चहासारखाच लागला असता. तसा तो लागत नाही. छोटे, पाण्यात सहज मिसळणारे रेणू गार पाण्यातही बऱ्यापैकी निघतात. थिअनिन हे त्यातलं महत्त्वाचं अमिनो आम्ल. जपानमध्ये १९४९ साली ते चहात पहिल्यांदा सापडलं, आणि ग्रीन टीमधली ती गोडसर, भाज्यांच्या सूपसारखी चव मुख्यतः त्याची. उलट सगळ्यांत तुरट असलेली मोठी कॅटेचिनं पानातल्या प्रथिनांना आणि तंतूंना घट्ट धरून बसलेली असतात, त्यांना सोडवायला उष्णता लागते. गार पाण्यात ती येतात, पण मागे पडतात. म्हणजे गार पाणी निवड करतं: गोडवा देणारं आधी, तुरट नंतर. आणि तुरट द्रव्यं कमी आली की क्रीम बनायला लागणारा मालही कमी. म्हणून नीट जमलेला कोल्ड ब्रू काचेच्या ग्लासातून आरपार दिसतो.

तुरट आणि कडू यात इथे गल्लत नको. कडू ही जिभेची चव आहे, चहात ती मोठ्या प्रमाणात कॅफिनमुळे येते. तुरटपणा ही जाणीव आहे. चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचं वंगण जातं आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. कच्च्या जांभळाने होतं तेच. दुधाच्या चहात ही अडचण येत नाही, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन त्या द्रव्यांना लाळेच्या आधीच गाठतं. आपण जो चहा पीत मोठे झालो तो दुधाच्या या गुणावर उभा आहे: वाटेल तेवढा उकळा, दूध सांभाळून घेतं. आइस्ड टीत सांभाळायला दूध नाही, म्हणून पानातून काय बाहेर येऊ द्यायचं यावर आधीच लक्ष ठेवावं लागतं.

आता कॅफिन. 'कोल्ड ब्रूमध्ये कॅफिन नसतं' असं बेधडक सांगितलं जातं, ते खरं नाही. एक लिटरला १० ग्रॅम चहा घेतला आणि पानात सुमारे ३ टक्के कॅफिन धरलं, तर सगळं मिळून ३०० मिलिग्रॅम होतं. एक लिटर पाणी २५ अंशाला सुमारे २० ग्रॅम कॅफिन विरघळवू शकतं. फ्रिजच्या तापमानाला हा आकडा बराच खाली येतो, तरी ३०० मिलिग्रॅम त्याच्यापुढे किरकोळच. म्हणजे प्रश्न मावण्याचा नाही, फक्त वेगाचा आहे, आणि रात्रभर वेळ दिला की बरंचसं कॅफिन येतंच. गरम चहापेक्षा साधारणपणे थोडं कमी, इतकंच म्हणता येईल. रात्री दहा वाजता गार चहा प्यायलात आणि एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडलात, तर नवल नाही.

सुगंधाचं गणित जरा वेगळं आहे. चहातले लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखे फुलांच्या वासाचे घटक उष्णतेने उडतात. चहा उकळताना स्वयंपाकघरात जो वास दरवळतो तो कपातून गेलेला असतो. गार पाण्यात हे घटक टिकून राहतात, पण गार असल्यामुळेच ग्लासातून नाकापर्यंत कमी पोचतात. मग घोट तोंडात जरा गरम झाला की वास मागून येतो. कोल्ड ब्रू घटाघटा प्यायल्यावर 'यात काही चवच नाही' म्हणणाऱ्यांना हेच सांगायचं की जरा सावकाश.

जपानमध्ये या पद्धतीला मिझुदाशी म्हणतात आणि उन्हाळ्यात घरोघरी फ्रिजमध्ये अशी बाटली असते. तिथे याचं आणखी टोकाचं रूपही आहे, कोरीदाशी. छोट्याशा किटलीत ग्योकुरो हा उंची ग्रीन टी पसरायचा, वर फक्त बर्फाचे खडे ठेवायचे आणि ते आपोआप वितळू द्यायचे. ग्योकुरोच्या मळ्यावर तोडणीआधी सुमारे तीन आठवडे सावली धरतात. ऊन कमी मिळालं की पानातलं थिअनिन कॅटेचिनमध्ये बदलण्याचं काम मंदावतं. बर्फ वितळून खाली जे चार-पाच चमचे उतरतं ते पोपटी, जाडसर आणि चवीला चहापेक्षा सूपच्या जवळचं असतं. हे रोज करायचं काम नाही, पण गार पाणी किती निवडक असतं हे एका घोटात कळतं.

चहा कुठला घ्यायचा

आपल्या घरी डब्यात असते ती चहा पावडर म्हणजे सीटीसी. पान चिरडायचं, फाडायचं आणि वळवायचं यंत्र आसामात १९३० च्या सुमारास विल्यम मॅकर्चर यांनी आणलं, आणि भारतात आज तयार होणारा बहुतांश चहा याच पद्धतीचा आहे. ममरी म्हणा, दाणेदार म्हणा, डस्ट म्हणा, सगळा त्याच घराण्यातला. दूध-साखरेच्या उकळत्या पातेल्यात दोन मिनिटांत रंग आणि कडकपणा द्यायला तो बनवलेला आहे आणि ते काम तो उत्तम करतो. पण दाणा बारीक आणि पेशी आधीच फाटलेल्या, त्यामुळे गार पाण्यातही तो भसाभस सुटतो. पाणी निवड करायला जावं तर निवडण्यासारखं काही उरत नाही. वर बारीक भुकटी कितीही गाळली तरी तळाला बसतेच.

घरात तेवढाच चहा असेल तर तोही चालेल. मात्र प्रमाण निम्मं करा, लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन लहान चमचे, आणि तीन-चार तासांत गाळून घ्या. मलमलच्या कापडातून गाळा, नेहमीच्या गाळण्यातून नको. मिळेल तो चहा ठीक असेल, फार काही असणार नाही.

खरी मजा अख्ख्या पानाच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स चहात. माझी पसंती निलगिरीला. कुन्नूर, कोटागिरीच्या बाजूचा हा चहा सुवासिक, अंगाने हलका, आणि गार झाल्यावर फारसा गढुळत नाही म्हणून आइस्ड टीसाठी व्यापारात त्याचं नाव आहे. दार्जिलिंगच्या मानाने खिशालाही परवडतो. दार्जिलिंगचा मार्च-एप्रिलमधला पहिला फ्लश, म्हणजे हंगामातल्या पहिल्या तोडणीचा चहा, गार पाण्यात फार सुंदर उतरतो, हिरवट-सोनेरी रंग आणि फुलांचा वास. पण त्याची किंमत बघता तो लिंबू-साखरेत बुडवू नये असं मला वाटतं. ग्रीन टीमध्ये हिमाचलातल्या कांगड्याचा किंवा कुठलाही साधा सुट्या पानाचा चालेल. ज्यांना गरम ग्रीन टी कडवट लागतो म्हणून आवडत नाही, त्यांनी तो एकदा गार पाण्यात करून बघावा. तेच पान, पण ओळखू येत नाही.

टी-बॅगही चालतात, एक लिटरला पाच-सहा. आत बहुधा बारीक चुरा असतो, म्हणून चार-पाच तासांत काढा. आणि पान कुठलंही असो, उघड्या पोत्यातून मोजून दिलेल्यापेक्षा बंद पाकिटातलं घ्या. कारण पुढे येतंच आहे.

प्रत्यक्ष कृती

एक लिटरची काचेची बाटली किंवा बरणी घ्या. पूर्वी लोणचं असलेली नको. कितीही धुतली तरी झाकणाच्या आतल्या रबरात हिंग राहतोच, आणि चहा वास ओढून घेण्यात पटाईत. बरणी आणि झाकण गरम पाण्याने धुऊन घ्या. १० ग्रॅम अख्खं पान घाला. घरी छोटा काटा असेल तर वजनच करा, कारण चमच्याचं माप इथे फसवतं: दार्जिलिंगचं मोकळं, फुललेलं पान चमच्यात दीड-दोन ग्रॅमच मावतं, घट्ट वळलेला ग्रीन टी तीन ग्रॅमच्या आसपास. काटा नसेल तर मोकळ्या पानाचे पाच-सहा लहान चमचे धरा.

त्यावर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी ओता. पानं आधी वर तरंगतात. झाकण लावून बरणी एकदा उलटीसुलटी करा, म्हणजे सगळी भिजतील. मग फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, दारातल्या कप्प्यात नको, तिथे दर वेळी उघडझाप होताना गरम हवा लागते. शेजारी चिरलेला कांदा उघडा नको.

पहिल्या तासात पानांभोवती रंगाच्या बारीक रेषा खाली उतरताना दिसतात, कारण अर्क मिसळलेलं पाणी किंचित जड होऊन तळाशी जातं. तळ गडद, वरचं पाणी जवळपास तसंच. म्हणून मध्ये एकदा बरणी हलवली तर बरं. ग्रीन टी चार ते सहा तासांत तयार होतो, दार्जिलिंगला सहा ते आठ, निलगिरीचा काळा चहा आठ ते दहा घेतो. रात्री जेवणं उरकल्यावर ठेवला की सकाळी गाळायचा, हे सगळ्यांत सोयीचं. दोन तास जास्त झाले तर बिघडत नाही. पण पानं दिवसभर तशीच राहिली तर मागे राहिलेला तुरटपणाही हळूहळू बाहेर येतो.

गाळताना पानं पिळू नका. शेवटचा अर्धा कप वाचवायला म्हणून कापड पिळलं की बारीक चुरा आणि सगळ्यांत तुरट पाणी दोन्ही बाटलीत. गाळलेला चहा स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवायचा.

जंतूंचं काय

यावर जरा थांबतो. इंटरनेटवरच्या कृतींमध्ये 'नळाचं पाणी घ्या' असं सर्रास लिहिलेलं असतं. ज्या देशांत नळाचं पाणी थेट पितात तिथलं ते वाक्य आहे. आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा, ते जसंच्या तसं उचलू नये. पाणी खळखळ उकळून गार केलेलं, नाहीतर भरवशाच्या फिल्टरचं. यात सूट नाही.

पानांचंही तसंच. कारखान्यात चहा शेवटी गरम हवेत वाळवून अगदी कोरडा करतात, म्हणून डब्यात तो महिनोन्महिने टिकतो. पण कोरडा म्हणजे निर्जंतुक नव्हे. पुढे भरताना, मोजताना हात लागतात, आणि काही जंतूंची बीजं कोरडेपणात नुसती झोपून असतात. गरम चहात उकळतं पाणी बहुतेक जंतूंचा बंदोबस्त करतं. गार पाण्यात तसं होत नाही, म्हणून त्यांना वाढूच द्यायचं नाही, एवढंच हातात राहतं. त्यासाठी फ्रिज. अन्नसुरक्षेचे नियम ५ ते ६० अंशांमधला पट्टा धोक्याचा मानतात, आणि कोल्ड ब्रू त्या पट्ट्याच्या खाली राहायला हवा.

मग 'माठात करू का?' हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. नको. माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, आणि हवेतल्या दमटपणाप्रमाणे त्याला एक मर्यादा असते. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात माठ चांगलाच गार लागतो, पण तेही पाणी २० अंशांच्या वरच असतं. मुंबईच्या दमट हवेत तर आणखी वर. पिण्याच्या पाण्याला ते छान, रात्रभर पानं भिजत ठेवायला मुळीच नाही. शिवाय माठाच्या छिद्रांत चहा मुरला की तो माठ कायमचा चहाचा.

याहून वाईट म्हणजे उन्हात ठेवून केलेला चहा. अमेरिकेत 'सन टी' नावाने तो बराच काळ लोकप्रिय होता: काचेची बरणी, पाणी, टी-बॅग, आणि दिवसभर अंगणात ऊन. दिसतं फार सुंदर. पण बरणीतलं पाणी फार तर ५५ अंशांपर्यंत जातं, म्हणजे जंतू मरायला कमी आणि वाढायला सोयीचं. तिथल्या आरोग्य यंत्रणाच आता ते करू नका म्हणतात.

वीज गेली तर? दार न उघडलेला फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ भारनियमन चाललं तर तो चहा झाडाला. बाटलीतला चहा ओतताना तार धरू लागला, उघडताना फस्स झालं, आंबूस वास आला किंवा वर पांढरट धागे दिसले, तर चव बघायच्या भानगडीत पडू नका. पुदिना, आल्याच्या चकत्या, लिंबाच्या फोडी रात्रभर बरणीत घालायचा मोह होतो, फोटोही छान येतो. पण पुदिना मातीलगत वाढतो. तो स्वच्छ धुऊन प्यायच्या वेळी घालावा. आलं तर गार पाण्यात फारसं उतरतही नाही. त्याचा आणि गवती चहाचा वेगळा काढा करून, गार करून मिसळणं बरं.

गरोदर बाई, अगदी लहान मुलं किंवा आजारातून उठलेली माणसं घरात असतील, तर त्यांच्यासाठी हा प्रकारच सोडा आणि पुढची रीत वापरा.

पाहुणे दारात असतील तर

गरम चहा बर्फावर ओतायचा. ही आइस्ड टीची जुनी रीत. १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचा प्रचार करणाऱ्या रिचर्ड ब्लेचिंडेन यांनी उकाड्याला कंटाळून गरम चहात बर्फ घातला आणि आइस्ड टीचा शोध लागला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण १८७९ च्या एका अमेरिकी पाककृती-पुस्तकातच बर्फ आणि लिंबू घातलेल्या चहाची कृती छापलेली आहे. ब्लेचिंडेन यांनी तो लोकप्रिय केला एवढं श्रेय त्यांना पुरेसं आहे.

यात बहुतेक जण बर्फ कमी घालतात. हिशोब करा. ९० अंशांचा अर्धा लिटर चहा ५ अंशांवर आणायचा तर त्यातून सुमारे १ लाख ७८ हजार जूल उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळून ५ अंशांपर्यंत येताना साधारण ३५५ जूल घेतो. भागाकार केला की ५०० ग्रॅम. म्हणजे जेवढा चहा तेवढाच बर्फ, आणि तो सगळा वितळून चहात पाणी होणार. म्हणून चहा आधी दुप्पट दाट हवा: अर्ध्या लिटरला ८-१० ग्रॅम पान, चार मिनिटं, गाळून थेट बर्फावर. जास्त वेळ ठेवून दाट करू नका, पान वाढवून करा. क्रीम थोडं धरेल, ते या रीतीत आलंच. बर्फही उकळलेल्या पाण्याचाच.

साखर, लिंबू आणि बाकीचं

साखर गार पाण्यात भरपूर विरघळते, पण फार सावकाश. ग्लासाच्या तळाशी खडखडत राहते. म्हणून साखर आणि पाणी समसमान घेऊन विरघळेपर्यंत गरम करा, एकतारी वगैरे होऊ देऊ नका, आणि गार करून बाटलीत भरून ठेवा. गार पदार्थात जिभेला गोडी कमी कळते, त्यामुळे हात सैल सुटतो, सांभाळा. कोल्ड ब्रूला तशीही साखर कमी लागते, कारण झाकायला तुरटपणाच कमी असतो.

लिंबू पिळलं की रंग एकदम फिका होतो. थिआरुबिजिनचा रंग आम्लतेप्रमाणे बदलतो, बाकी काही नाही. दूध मात्र घालू नका. दुधाला धरायला या चहात पुरेसं काही नसतं आणि पाणचट, करडं असं काहीतरी हाती येतं.

कॅफिन नको असेल तर अंबाडीची सुकवलेली लाल बोंडं याच रीतीने गार पाण्यात टाका. रंग देणारी अँथोसायनिनं गार पाण्यातही झटपट सुटतात, दोन-तीन तासांत गडद लाल, आंबट पेय तयार. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडी काही नवी नाही, फक्त आपण तिची भाजी करतो आणि बोंडांचं फारसं काही करत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा दिली आहे, आणि जेवणाच्या आधी-नंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, कारण चहातली तुरट द्रव्यं जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात. गार चहा पाण्यासारखा हलका लागतो, म्हणून तो जेवताना पाण्याच्या जागी येऊ लागतो. रक्त कमी असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

गाळल्यावर उरलेली पानं लगेच टाकू नका. गार पाण्याने मागे ठेवलेलं बरंच त्यात असतं. ती किटलीत घालून त्यावर उकळतं पाणी ओता, तीन मिनिटं झाका. रंग फिका येईल, पण तुरटपणा आणि कडकपणा ठसठशीत असेल. सकाळी बाटली भरून झाल्यावर हा कोरा कप करणाऱ्याने घ्यावा. मात्र पानं बाहेर ठेवून संध्याकाळी वापरू नका. मग ती कुंडीत.